भ्रमणध्वनीची स्थानबद्धता

भ्रमणध्वनी या उपकरणाची शास्त्रीय व्याख्या काहीही असो, वर्धा जिल्ह्याच्या उत्तरेकडील टेकड्यांच्या आडोशाला वसलेल्या घरांपुरती, जे उपकरण खोलीत मुके असते आणि स्लॅबवर नेले की बोलू लागते त्यास भ्रमणध्वनी म्हणावे, ही व्याख्या अधिक उपयोगी ठरते. जिल्ह्याच्या दक्षिणेकडे, म्हणजे हिंगणघाट, समुद्रपूर, देवळी या तालुक्यांत, काळ्या जमिनीचा सपाट प्रदेश असल्यामुळे टॉवर दुरूनही दिसतो, आणि जो टॉवर डोळ्यांना दिसतो तो बहुधा मोबाइललाही दिसतो. परंतु सेलूच्या वरच्या अंगाने बोर अभयारण्याच्या कडेकडेने कारंजा आणि आष्टीकडे जसजशी टेकड्यांची रांग चढत जाते, तसतशी पडद्यावरच्या रेघांची रांग उतरत जाते. याचे कारण भौतिकशास्त्रीय आहे. मोबाइलच्या लहरी, म्हणजे ढोबळमानाने ७०० ते २६०० मेगाहर्ट्झ या वारंवारतेच्या विद्युतचुंबकीय लहरी, बऱ्याच अंशी सरळ रेषेत प्रवास करतात, वाटेत टेकडी आली की तिच्यामागे त्यांची सावली पडते, आणि त्या सावलीत राहणाऱ्या कुटुंबाला महिन्याचे रिचार्ज मात्र उन्हातल्यांच्याच दराने भरावे लागते. अशा घरातील एखाद्या कर्त्या पुरुषाच्या मनात फोनला बाहेरून अँटेना जोडण्याचा विचार आला तर त्यात नवल नाही. नवल आहे ते त्यानंतरच्या भीतीच्या क्रमाचे, कारण ज्या धोक्यांना तो भितो ते बहुतेक किरकोळ असतात, आणि जे धोके खरोखरच जीवघेणे असतात त्यांच्याकडे तो चप्पल काढून, हातात पक्कड घेऊन, निसणीने स्वतःहून चढत जातो.

या विचाराचे मूळ मोबाइलपेक्षा जुने आहे. १९८७ च्या जानेवारीत दूरदर्शनवर ‘रामायण’ मालिका सुरू झाली, तेव्हा वर्धा, आर्वी, पुलगावच्या कवेलूंच्या आणि टिनांच्या छपरांवर ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे सांगाडे बल्लीला बांधून उभे राहू लागले, आणि रविवारी सकाळी एक माणूस वर राहून अँटेना फिरवीत असे, दुसरा अंगणात उभा राहून निरोप पोचवीत असे, तर तिसरा पडद्यासमोर बसून ‘मुंग्या येऊन राह्यल्या, अजून फिरवा’ असा अहवाल देत असे. पंचायत राज व्यवस्थेप्रमाणेच त्रिस्तरीय असलेल्या या यंत्रणेत वरच्या स्तराला चित्र कधीच दिसत नसे, हेही साम्य अभ्यासकांनी नोंदवावे असे आहे. ज्या सांगाड्यापायी हा खटाटोप होई त्याचे रीतसर नाव यागी-उदा अँटेना असून जपानच्या तोहोकू विद्यापीठातील शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ च्या सुमारास तो जगासमोर मांडला. मात्र खुद्द जपानी लष्कराला त्याचा पत्ता नव्हता, आणि १९४२ साली सिंगापूर पडल्यावर ब्रिटिशांच्या कागदपत्रांत ‘यागी’ हा शब्द वाचून बुचकळ्यात पडलेल्या जपानी अधिकाऱ्यांना तो त्यांच्याच प्राध्यापकाचे नाव असल्याचे एका युद्धकैद्याने सांगितले, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. वर्धेकरांनी मात्र यागी कोण याची चौकशी न करता त्याच्यावर कपडे वाळत घातले.

छपरावर गेले की चित्र सुधारते, हा त्या पिढीचा अनुभव पुढच्या दोन अनुभवांनी पक्का झाला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात खेड्यांत डब्ल्यूएलएल फोन आले, म्हणजे दिसायला घरगुती टेलिफोनसारखे पण टॉवरशी बिनतारी जोडलेले फोन, आणि त्यांतील कित्येकांना बाहेरची अँटेना जोडण्याची सोय कंपनीनेच करून दिलेली असे. पुढे मोबाइलमध्ये एफएम रेडिओ आला, तो इअरफोनची वायर खोचल्याशिवाय बोलत नसे, कारण ती वायरच त्याची अँटेना होती. या सर्व पुराव्यांवरून, वायर जोडली की काहीतरी चांगले घडते, असा निष्कर्ष कोणी काढला तर त्याची तर्कपद्धती सदोष म्हणता येणार नाही. दोष एवढाच की एफएमची लहर सुमारे ३ मीटर लांबीची असते, ९०० मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या मोबाइलची ३३ सेंटिमीटर, आणि इअरफोनच्या भोकात खोचलेल्या तांब्याच्या तारेचा मोबाइलच्या मूळ अँटेनाशी तितकाच संबंध असतो जितका घरातल्या नळाचा शेजाऱ्याच्या विहिरीशी.

तरीही तारा जोडल्या जातात. काही घरांत तार फोनच्या पाठीवर गुंडाळून वर रबर चढवतात. ही पद्धत अगदीच निरर्थक नव्हे, कारण जवळ ठेवलेल्या धातूत आतल्या अँटेनामुळे थोडाफार प्रवाह उत्पन्न होतो, परंतु तो प्रवाह बाहेर जाण्याऐवजी तारेतच रेंगाळण्याची शक्यता अधिक असते. काही ठिकाणी माळ्यावर पडलेली दूरदर्शनची जुनी अँटेना बाहेर काढली जाते, जिच्या नळ्या मीटर-दीड मीटरच्या लहरींसाठी कापलेल्या असल्यामुळे, जिथे ८ सेंटिमीटरची काडी हवी तिथे त्या निव्वळ भव्य दिसतात. जे खरोखर अभ्यासू असतात ते मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात जातात, आणि तिथला मुलगा ‘भाऊ, वायर जोडून देतो, टावर फुल भेटन, पण बोर्ड उडाला तर आपली ग्यारंटी नाही’ असे सांगून तांत्रिक चर्चेचा प्रारंभ आणि शेवट एकाच वाक्यात करतो.

बोर्ड उडण्याची ही भीती तपासून पाहण्याजोगी आहे. तिच्या मुळाशी इम्पिडन्स नावाची कल्पना असून वेगाने दिशा बदलणाऱ्या प्रवाहाला एखादी केबल किंवा अँटेना किती विरोध करते याचे ते माप होय. मोबाइलचे आतले परिपथ ५० ओहमच्या मापाचे असतात, तर घरोघरी सापडणारी डिशची केबल ७५ ओहमची असते, आणि माप न जुळल्यास पाठवलेल्या शक्तीतला काही भाग उलटून फोनकडे परत येतो. ऐकताना हे भयंकर वाटते. प्रत्यक्षात ५० आणि ७५ यांच्या या विसंगतीत परत येणारा भाग अवघा ४ टक्के असतो, उरलेले ९६ टक्के निमूटपणे पुढे जातात, आणि मुळात फोरजी फोनची पाठवण्याची कमाल शक्ती एक पंचमांश वॅटच्या आसपास असल्याने त्या चार टक्क्यांनी बोर्ड उडायचा तर तो आधीच उडण्याच्या विचारात असला पाहिजे. केबल मध्येच तुटली किंवा तिची आतली तार बाहेरच्या जाळीला टेकली तर मात्र जवळजवळ सगळीच शक्ती परत येते आणि फोन तापतो, पण तेव्हा फोनही लागत नसल्याने मालकाच्या ते लवकर लक्षात येते.

खरा तोटा निराळ्याच ठिकाणी होतो. बाजारात अँटेनाबरोबर मिळणारी बारीक काळी केबल मापाने अगदी शुद्ध, म्हणजे ५० ओहमची असते, परंतु ९०० मेगाहर्ट्झला ती दर मीटरमागे सुमारे अर्धा डेसिबल गिळते. डेसिबल हे घट-वाढ मोजण्याचे असे एकक आहे की १० डेसिबल घट झाली म्हणजे दहातला एकच हिस्सा उरला. स्लॅबवरच्या बल्लीपासून खाली खाटेपर्यंत २० मीटर केबल सहज लागते, तेव्हा वर पकडलेल्या रुपयातले दहा पैसे खाली पोचतात. सरकारी रुपयातले पंधराच पैसे गरिबापर्यंत पोचतात असे पंतप्रधान राजीव गांधी १९८५ साली म्हणाले होते, त्या तुलनेत ही केबल शासनापेक्षाही गळकी आहे. चुकीच्या मापाची म्हणून हिणवली गेलेली डिशची जाड केबल तेवढ्याच अंतरावर चाळीसेक पैसे पोचवते, हे दुकानातल्या मुलाला सांगितल्यास तो विश्वास ठेवीत नाही. चांगल्या यागी अँटेनाने दहा डेसिबल कमावावेत आणि केबलने दहा डेसिबल गमवावेत, असा हा जमाखर्च असून शिलकीत उरते ती फक्त उंची, जी फोन हातात घेऊन वर गेल्यास फुकट मिळत होती.

अँटेना नागपूरच्या दिशेने वळवावी, हा सल्ला देणारा एक वडीलधारा प्रत्येक गावात असतो, कारण त्याने दूरदर्शन तसेच पकडले होते. दूरदर्शन एकतर्फी होते, ते वर्ध्याचे ऐकून घेत नसे. टॉवरला मात्र फोनचे उत्तर ठरावीक वेळात मिळावे लागते, आणि टूजीच्या नेहमीच्या व्यवस्थेत ३५ किलोमीटरच्या पलीकडून आलेले उत्तर उशिरा आलेले म्हणून नाकारले जाते. सुमारे ७५ किलोमीटरवरच्या नागपूरने कितीही आपुलकी दाखवली तरी हा नियम शिथिल होत नाही.

ज्या फोनच्या पाठीवर रबराच्या बुचाखाली लहानसे गोल छिद्र असे, त्या जुन्या हँडसेटांची कथा अधिक करुण आहे. ते छिद्र ग्राहकासाठी नसून कारखान्यातल्या तपासणीसाठी होते. त्यात खुंटी घातली की आतली एक सूक्ष्म स्प्रिंग बाजूला सरकून फोनची स्वतःची अँटेना तोडली जाई आणि खुंटी काढली की पुन्हा जोडली जाई. कारखान्यात हे जेमतेम काही वेळा होणार, म्हणून ती स्प्रिंगही तेवढ्याच आयुष्याची. रोज सकाळ-संध्याकाळ खुंटी घालणाऱ्याच्या फोनमध्ये ती एके दिवशी बाजूला सरकते ती परत येतच नाही. त्यानंतर तो फोन बाहेरच्या अँटेनाशिवाय वर्ध्याच्या भर बजाज चौकातही रेंज दाखवीत नाही, आणि आधार म्हणून घेतलेली वस्तू आता व्यसन बनल्याचे मालकाला आठवडी बाजारात कळते. नव्या स्मार्टफोनात असे जोड मागचे झाकण उचकटल्यावर आत सापडतात, पण झाकण उचकटताना पाणी रोखणारी गोंदाची कडा जाते, वॉरंटी जाते, आणि पावसाळ्यात केबलच्या अंगाने ओघळत आलेले थेंब त्या कडेतून नेमके आत शिरतात. केबल घरात येण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा म्हणजे पाणी तिथेच ठिबकते, हे केबलवाल्या प्रत्येक पोराला ठाऊक असते. अँटेना स्वतः लावणाऱ्यास त्या पोराला विचारणे कमीपणाचे वाटते. वानरांविषयी वेगळे लिहिण्याची गरज नाही. ती येतात, लोंबकळतात आणि अँटेनाची दिशा बदलून जातात, व कधीकधी रेंज सुधारते.

रेडिएशनची भीती मात्र घरातल्या स्त्रिया बोलून दाखवतात, आणि ती पूर्णपणे टाकाऊ नाही. फोन डोक्याशी धरल्यावर शरीरात किती ऊर्जा मुरते याचे माप एसएआर या नावाने ओळखले जाते आणि भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून त्याची मर्यादा दर किलोग्रॅमला १.६ वॅट आहे. टॉवर जितका दूर, तितका फोन मोठ्याने ओरडतो, कारण आपली शक्ती गरजेनुसार कमीजास्त करण्याची सूचना त्याला टॉवरकडूनच मिळत असते. अँटेना नीट जोडली गेली तर हे ओरडणे छपरावर होते आणि डोक्याला उलट आराम मिळतो. अर्धवट गुंडाळलेल्या तारेने मात्र आतल्या अँटेनाचे जुळवलेले माप बिघडते, फोन अधिक ओरडतो, अधिक तापतो, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेलेला असताना बॅटरीला या जास्तीच्या उबेची गरज नसते.

हे सगळे धोके एका पारड्यात टाकले तरी दुसऱ्या पारड्यातली एक लोखंडी नळी जड भरते. छपराच्या बाजूने जाणारी ११ किलोव्होल्टची वाहिनी, म्हणजे रोहित्रापर्यंत वीज आणणारी उच्चदाब तार, उघडी असते, आणि २० फुटी लोखंडी नळी उभी करताना ती कोणत्या बाजूला कलेल हे नळी ठरवते, माणूस नव्हे. तारेला स्पर्श होण्याचीही गरज नसते. पुरेसे जवळ गेले तरी ठिणगी अंतर ओलांडते. खाली उभी असलेली पत्नी ‘अहो, उतरा आता, राहू द्या तो टावर’ असे म्हणते तेव्हा त्या घरातले सर्वांत अचूक तांत्रिक मत व्यक्त झालेले असते, पण त्याची नोंद कोणी घेत नाही. नळी सुखरूप उभी राहिली तर पुढचा प्रश्न चार्जरचा: स्वस्त चार्जरमधील घरगुती वीज आणि फोन यांच्यामधला आडपडदा फुटला की २३० व्होल्ट फोनमधून केबलमध्ये, केबलमधून अँटेनात आणि अँटेनातून बल्लीला बांधलेल्या कपड्यांच्या तारेत उतरू शकतात. आडपडदा शाबूत असलेल्या दोन पिनांच्या चार्जरनेही धातूला हात लावल्यास कधीकधी झिणझिण्या जाणवतात; रामायणाच्या काळातल्या मुंग्या पडद्यावर येत, या बोटांत येतात.

आणि मग जून येतो. विदर्भात पेरणीच्या तोंडावर येणारे वादळी पाऊस विजा घेऊन येतात, आणि देशात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे वीज पडून मरतात. मोबाइल स्वतः वीज ओढवून घेतो ही समजूत निराधार आहे, मूठभर आकाराच्या त्या वस्तूला आकाश ओळखतही नाही. परंतु घरातल्या सर्वांत उंच जागी धातूची काठी उभारून, तिची तार जमिनीत न गाडता थेट खाटेवर पडलेल्या माणसाच्या कानाशी आणून ठेवणे ही गोष्ट वेगळी आहे आणि तिचा प्रयोग पूर्वी झालेलाही आहे. सेंट पीटर्सबर्ग येथील प्राध्यापक गेओर्ग विल्हेल्म रिखमान यांनी छपरावर लोखंडी काठी उभारून तिची तार खोलीतल्या मापक यंत्रापर्यंत आणली होती, आकाशातली वीज मोजायची असल्यामुळे ती जमिनीला जोडलेली नव्हती, आणि १७५३ साली एका वादळात ते यंत्राकडे वाकून पाहत असताना त्यांच्या कपाळावर आघात होऊन ते जागीच मरण पावले. विद्युतसंशोधनाच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. वर्धा जिल्ह्यातील प्रयोगकर्ता आदरासाठी नव्हे तर जावयाच्या व्हिडिओ कॉलसाठी हीच मांडणी करतो. तारेला वीजरोधक आणि मजबूत अर्थिंग जोडणे हा यावरचा मान्य उपाय आहे, आणि ढग दाटले की केबल फोनपासून काढून खिडकीबाहेर टाकणे हा स्वस्त उपाय. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप आसपास वीज पडण्याची शक्यता आगाऊ कळवते, ही मोठी सोय झाली आहे. अडचण इतकीच की ज्या घरात रेंज नाही तिथे तो इशारा येण्यासाठी फोन आधी त्या अँटेनालाच जोडावा लागतो.

यातून वाचलेल्या फोनचे काय होते, हेही पाहिले पाहिजे. केबल लावलेला फोन खिशात मावत नाही, अंगणात नेता येत नाही, त्याला भिंतीवर खुंटी मिळते, खुंटीखाली खुर्ची येते, खुर्चीवर बसण्याचा क्रम लागतो आणि शेजारची माणसे ‘एक फोन करू द्या’ म्हणून येऊ लागतात. सेवाग्रामच्या आश्रमात व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी गांधीजींशी थेट संपर्क राहावा म्हणून बसवलेला दूरध्वनी आजही दाखवला जातो; त्यालाही तार होती, तोही जागचा हलत नसे. फरक असलाच तर तो असा की त्या फोनवर हिंदुस्थानच्या भवितव्याविषयी बोलणे अपेक्षित होते, आणि याच्यावर बोलणाऱ्याचा बराचसा वेळ ‘आवाज येऊन राह्यला का?’ या एकाच प्रश्नात जातो.

अँटेनाने समाधान न झालेला माणूस बूस्टरकडे वळतो आणि इथे धोका घराची हद्द ओलांडतो. बूस्टर म्हणजे बाहेरच्या अँटेनाने पकडलेली लहर वाढवून घरातल्या दुसऱ्या अँटेनाने पुन्हा सोडणारे यंत्र. ही दोन टोके एकमेकांच्या जवळ आली तर आतला आवाज बाहेरच्याला ऐकू जातो, तो पुन्हा वाढवला जातो, आणि लग्नाच्या मांडवात माइक स्पीकरसमोर धरल्यावर जी शिट्टी उठते तीच टॉवरच्या कानात अखंड वाजू लागते. एका घरात पाच रेघा उमटतात आणि उरलेल्या गावाचे फोन लागेनासे होतात. परवान्याशिवाय असे यंत्र बाळगणे १९३३ च्या बिनतारी तारायंत्र अधिनियमापासून बेकायदा आहे आणि २०२३ च्या दूरसंचार अधिनियमानेही ते बेकायदाच ठेवले आहे, परंतु ऑनलाइन विक्रेता ते घरपोच देतो, आणि अधिकारी शोधत येईपर्यंत मालक कंपनीच्या नावाने सर्वांत मोठ्या आवाजात तक्रार करणाऱ्यांत सामील झालेला असतो.

ज्यांच्या घरी तारेने किंवा फायबरने इंटरनेट आले आहे त्यांना २०१९ च्या अखेरीपासून वाय-फाय कॉलिंगची सोय मिळाली, म्हणजे टॉवर नसतानाही घरातल्या वाय-फायवरून नेहमीच्याच नंबराने बोलता येते. त्यांच्यापुरता हा विषय संपला. इतरांसाठी टॉवर हाच उपाय आहे. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये फोरजी न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, आणि टॉवर यावा असा ठराव ग्रामसभेत एकमताने संमत होतो. त्याच सभेत दुसरा ठरावही एकमताने संमत होतो की टॉवर शाळेजवळ नसावा, देवळाजवळ नसावा, कोणाच्याही घराजवळ नसावा आणि संत्र्याच्या बगिच्याजवळ तर मुळीच नसावा, कारण त्याच्या लहरी वाईट. ठराव मांडणाऱ्याच्या फोनला त्या वेळी तांब्याची तार गुंडाळलेली असते. दोन्ही ठराव जुळवून ग्रामसेवक जागा शोधू लागतो तेव्हा सर्व अटींत बसणारी एकच जागा टेकडीच्या पलीकडे सापडते, आणि तिथे टॉवर आधीपासूनच उभा असतो.